अनवाणी ओळख

स्टीलचं झाकण ओट्यावरून निसटलं, फरशीवर पडलं आणि आपल्याच कडेवर गरगरत बराच वेळ वाजत राहिलं. रविवारची दुपार होती. इतका वेळ घरात पंख्याशिवाय कुणी बोलत नव्हतं. वृंदाने मांडीवरचा टॅबलेट बाजूला सारून आधी लेकीकडे पाहिलं. शर्वीने नुसती कूस बदलली आणि पुन्हा झोपून गेली.

"काही नाही, हात लागला," आतून हर्षलचा दबका आवाज आला.

"सकाळी चौकटीला खांदा लागला, आता झाकणाला हात. लक्ष कुठे असतं रे तुझं?"

"घर लहान झालंय गं. मी आहे तेवढाच आहे."

ती हसली आणि पुन्हा कामाला लागली. शर्वीची झोप असेल तेवढीच तिची दुपार. त्यात हसण्याला फार वेळ नव्हता. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत धान्य साठवायच्या पोलादी कोठ्या बनवणारा एक कारखाना होता, त्याची ती सुरक्षा आणि प्रशिक्षण अधिकारी. परांची बांधून उंचावर काम करायचे दिवस सरत आले होते. कारखान्याला नवी बूम लिफ्ट, म्हणजे लांब दांडीच्या टोकाशी माणसाला उचलून वर नेणारी गाडी, घ्यायची होती आणि ती कोणती, हे ठरवायचं काम तिच्यावर आलं होतं.

हर्षल दोन कप चहा घेऊन आला. तो त्याच कारखान्यात कोठ्यांच्या माथ्यावरचं वेल्डिंग करायचा. उंचीवर त्याच्यासारखा निवांत माणूस कारखान्यात दुसरा नव्हता. कोठीच्या टोकाला पाय सोडून बसायचा आणि खालचं सिन्नर आपल्या अंगणात पसरलंय असं बघायचा. शर्वी तान्ही असताना त्याने आपणहून दुसरी पाळी मागून घेतली होती, का, तर सकाळभर बाळ त्याच्याकडे राहील आणि वृंदाला सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करता येईल. परीक्षेच्या दिवशी बाळाला झोळीत घेऊन तो केंद्राबाहेर येरझारा घालत होता. ती जे काही झाली होती, त्यात त्याच्या खांद्याचा वाटा होता आणि ती ते विसरत नसे.

"सरळ दांडीची घेऊ की कोपरवाली?" तिने विचारलं.

"कोपरवाली. कोठीपाशी कन्व्हेयर आडवा येतो. सरळ दांडी त्याच्यावरच आपटेल. फळीवरच्या डब्यांपलीकडची बरणी आपण कशी काढतो? हात वर नेऊन, कोपर वाकवून. तसं पाहिजे."

"आणि बॅटरीची. शेडमध्ये धूर नको. चाकं मोठी, आपल्या आवारात सगळा मुरूम."

"मग झालं की. अडलंय कुठे?"

"फरशीवर," ती म्हणाली.

माणूस ज्यात उभा राहतो त्या पिंजऱ्याला कामगार पाळणा म्हणत. बाजारात नुकत्याच आलेल्या एका मशीनच्या पाळण्याला जाणती फरशी होती. वृंदा गेले कित्येक दिवस तिच्याबद्दलच वाचत होती. माणूस स्थिर उभा असतो असं आपल्याला वाटतं, पण स्थिर कुणीच नसतं. कानाच्या आतल्या पाण्याने भरलेल्या तीन बारीक नळ्या, डोळे आणि तळपाय मिळून क्षणोक्षणी तोल सांभाळत असतात, आणि शरीर बोरूच्या काडीसारखं किंचित डुलत राहतं. हे डुलणं ज्याचं त्याचं. भीती वाटली की ते आखडतं, चक्कर यायची असेल तर सैल होतं, आणि हा बदल माणसाच्या ध्यानात यायच्या आधीच त्याच्या पायाखाली पोचलेला असतो. जाणती फरशी म्हणजे पाळण्याच्या तळाशी पसरलेला दाब ओळखणारा एक पातळ पापुद्रा. माणूस पहिल्यांदा उभा राहिला की ती त्याचं डुलणं साठवून ठेवते. त्याला ओळख म्हणतात. पुढे दरवेळी त्याला त्याच्याच ओळखीशी ताडून बघते. फरक दिसला की दांडी थांबवते आणि माणसाला सावकाश खाली आणते.

"म्हणजे मला चक्कर येणार हे मशीनला माझ्याआधी कळणार?" हर्षलने भुवया उंचावल्या. "मग तू काय करणार?"

"मी तुझ्यासारख्यांना पट्ट्याचा हूक लावायला शिकवणार," ती म्हणाली. आणि तिने जाणत्या फरशीचंच मशीन निवडलं.

मशीन आलं ते नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्या हत्यारांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या. मुकादम गितेनानांनी नव्या पाहुण्याच्या चारही चाकांपुढे लिंबं ठेवली, दांडीला आंब्याचा डहाळा बांधला आणि कुंकवाचं बोट घेऊन निघाले.

"नाना, सेन्सरच्या काचेवर नको हं!" वृंदा धावली.

"मॅडम, ह्याचं कपाळ कुठंय तेवढं दाखवा. बाकी कुठं लावत नाही."

नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. मशीन विकणाऱ्या कंपनीची इंजिनियर सुट्टीसाठी गावी जायच्या घाईत होती. तिला निघण्याआधी सगळ्या चालकांची ओळख घेऊन टाकायची होती. मशीन हलणार नव्हतं. एकेकाने जमिनीवरच्या पाळण्यात जायचं, थोडा वेळ डोळे उघडे ठेवून उभं राहायचं, थोडा वेळ मिटून. पहिला इरफान पुढे झाला. त्याने पाय उचलला तसे नाना कडाडले.

"ए, बूट! आत्ता पूजा झाली ना त्याची?"

"नाना, सुरक्षावाल्या मॅडमसमोर बूट काढायला लावता? माझा पगार कापतील त्या."

सगळ्यांनी वृंदाकडे पाहिलं. मशीन जागचं हलणार नव्हतं. आणि लहानपणापासून तिनेही शिवणयंत्राची पूजा झाल्यावर पेडलला हातसुद्धा नमस्कार करूनच लावला होता. खाली वाकून तिने आपल्याच बुटांच्या नाड्या सोडल्या. मग सगळेच अनवाणी झाले. एकेक जण पाळण्याला हात लावून, तो हात छातीला लावून आत गेला, देवळात उभं राहावं तसा उभा राहिला आणि बाहेर आला. इंजिनियर महाराष्ट्रातलीच होती. तिलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिने आपली उपकरणं आवरली आणि बस गाठली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण सुरू झालं.

"पाळण्याला कठडा आहे, मग पट्टा कशाला? कोण सांगेल?" वृंदाने विचारलं. "गोफण फिरवलीय ना सगळ्यांनी? हातात दोरी थोडीशीच हलते, पण टोकाचा दगड कुठल्या कुठे जातो. ही दांडी म्हणजे गोफण. खाली चाक खड्ड्यात गेलं तर वीतभर हिसका बसेल. वर तुम्ही दगड. म्हणून हूक लावायचा. आणि कठड्याला नाही, ह्या कडीलाच."

"मॅडम, दगड म्हणालात आम्हाला," इरफान म्हणाला.

"लग्न झालेल्या माणसाने सवय ठेवावी," गितेनानांनी टोला हाणला.

हसत खेळत इरफान पाळण्यात चढला. बूट, हेल्मेट, पट्टा, हूक, सगळं जिथल्या तिथे. दांडी आवारातल्या कडुलिंबाच्या शेंड्याएवढी वर गेली आणि थांबली. फरशीतून गुणगुण झाली. मंजूळ आवाज म्हणाला, "तोल बदललेला आहे. आपण खाली जात आहोत." आणि इरफान अलगद खाली आला.

"अरे, मी ठणठणीत आहे!" तो पाळण्यातून ओरडत होता. "हिला सांगा कुणीतरी!"

दुसरा गेला, तोही खाली आला. तिसरा खाली आला. शेवटी हर्षल चढला. त्याला तर मशीनने सगळ्यांपेक्षा लवकर उतरवलं.

"जावईबापू, तुम्हालासुद्धा?" कुणीतरी म्हणालं आणि आवारात हशा पिकला. हर्षलही हसला, पण हूक काढताना त्याने वृंदाकडे पाहिलं नाही.

व्यवस्थापक दातारसाहेब चिडले होते. "मॅडम, कोठ्या उभ्या करायला घेतली की माणसं झोपवायला? उद्या संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर परत पाठवतो. साधं मशीन मागवा. ज्याला चक्कर येईल तो सांगेल."

चक्कर आलेला माणूस सांगत नाही. सांगता आलं असतं तर तिने हे मशीन निवडलंच नसतं. पण दातारांना हे पटवायला तिच्याकडे काही नव्हतं. इंजिनियरला फोन लावला तर ती म्हणाली, नोंदी तर व्यवस्थित दिसतायत.

संध्याकाळी वृंदा घरी आली, बूट दाराशी काढले आणि तशीच भिंतीला टेकून बसली. डोक्यात आलेख घोळत होते. एवढ्यात ठप्प, ठप्प असा आवाज आला. शर्वीने आईचे सुरक्षेचे बूट चढवले होते. लोखंडी टोकाचे ते जड बूट तिच्या गुडघ्यांपर्यंत आले होते आणि ती हात पसरून बदकासारखी डुलत येत होती.

"आई, मी तू झाले!"

"अगं, पडशील," म्हणत वृंदा हसायला लागली. आणि हसता हसता थांबली. पोरगी तीच होती. डुलणं वेगळं होतं.

तिने शर्वीला बुटांसकट उचललं आणि तिचे इतके पापे घेतले, की शर्वी ओरडायला लागली, "मी काय केलं? मी काही केलं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाने सगळ्यांना गोळा केलं. "मशीनची काही चूक नाही. त्याने आपल्याला अनवाणी ओळखलं आणि आपण बूट घालून गेलो. जाड तळवा आला की पायाची बोटं, टाच सगळं वेगळं बोलतं. त्याला वाटलं, हे कोण भलतेच आले."

गितेनाना अपराध्यासारखे उभे राहिले. "म्हणजे माझ्यामुळे झालं."

"माझ्यामुळे नाना. नाड्या मी सोडल्या होत्या."

सगळ्यांची बूट घालून पुन्हा ओळख घेतली. इरफान वर गेला तो थेट माथ्यापर्यंत, आणि वरून ओरडला, "नाना, हिने मला ओळखलं! घरचेसुद्धा एवढ्या लवकर ओळखत नाहीत!" दातारसाहेबांनी खालून अंगठा दाखवला आणि ऑफिसात निघून गेले. शेवटचा हर्षल राहिला. त्याने बूट घालून ओळख दिली आणि वर जायच्या तयारीने पाळण्यातच थांबला. आता वृंदाने टॅबलेटवर जुनी नोंद पुसून नवी कायम करायची, एवढंच उरलं होतं.

पुसायच्या आधी टॅबलेट दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दाखवत असे. बाकीच्यांच्या तिने सकाळपासून पाहिल्या होत्या: अनवाणी असताना डुलण्याचं एक लहानसं वर्तुळ, बुटांत जरा मोठं, थोडं पुढे सरकलेलं. सगळ्यांचं तसंच. हर्षलची बुटातली नोंदही बरीचशी तशीच होती. पण अनवाणी नोंदीत वर्तुळ नव्हतं. एक लांबट ठिपका होता, डावीकडे ओघळलेला. डोळे मिटल्यावरचा तर पार कडेला गेलेला.

तिचं बोट पडद्यावर थांबलं.

उंच घोट्याचा घट्ट बूट पायाला आवळून धरतो. त्यामुळे पाय जे काही बोलत असतो, त्यातलं अर्धं बुटातच राहतं. फरशी माणसाला फक्त त्याच्याशीच ताडते. दुसऱ्या कुणाशी नाही. आता हिरवं बटण दाबलं, की ही बुटातली नोंद म्हणजेच हर्षल, असं ती धरून चालणार. जे काही बिघडलंय त्यालाच ती नेहमीचं मानणार, आणि विश्वासाने त्याला रोज माथ्यावर नेत राहणार.

"मॅडम, बटण दाबता का दुपारच्या डब्यापर्यंत थांबू?" हर्षल पाळण्यातून म्हणाला. सगळे हसले.

"उतर खाली," ती म्हणाली.

"काय?"

"हूक काढ आणि उतर. तुझी ओळख मी कायम करत नाहीये."

हर्षल उतरला, तिच्यासमोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वृंदा, कालपासून माझं हसं झालंय. आता सगळ्यांसमोर पुन्हा नको."

"हा डावीकडे ओघळलेला ठिपका बघ. तुला डॉक्टरांकडे जावं लागेल."

"एका ठिपक्यावरून? अनवाणी चुकीची नोंद झाली, असं तूच आत्ता सगळ्यांना सांगितलंस ना?" त्याने हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं. "मशीन तुमचं, नियम तुमचे, मॅडम." आणि तो गेटकडे चालू लागला. एरवी तो गमतीने मॅडम म्हणायचा.

घरी तो तिच्याशी बोलला नाही. शर्वीशी बोलला, तिची वेणी घातली, वाकडी. मग तोंड धुवायला मोरीत गेला. वृंदा दारात उभी राहून बघत होती. साबण तोंडाला लावून त्याने डोळे मिटले आणि त्याचा डावा हात आपोआप नळाकडे गेला. धरून उभा राहिला. हे ती रोज बघत होती. तिला वाटायचं, ही त्याची सवय.

"हर्षल, एक काम कर माझ्यासाठी. डोळे मिटून नुसता उभा राहा. कशाला धरायचं नाही."

"इथेही परीक्षा?"

"एकदाच. मग तू म्हणशील ते."

त्याने तोंड पुसलं, तिला दाखवायचं म्हणून स्वयंपाकघराच्या मधोमध आला, पाय जुळवले, हात छातीवर बांधले आणि डोळे मिटले. थोडा वेळ काहीच झालं नाही. त्याच्या ओठांवर जिंकल्याचं हसू यायला लागलं. आणि तशा हसत्या चेहऱ्यानेच तो डावीकडे कलायला लागला, सावकाश, भिजलेल्या भिंतीसारखा. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. वृंदाने दोन्ही हातांनी त्याला झेललं.

त्याने डोळे उघडले तेव्हा तो तिच्या खांद्यावर होता.

"मी सरळ उभा होतो," तो म्हणाला.

"हो."

"वृंदा, मी सरळ उभा होतो गं."

"हो रे," ती म्हणाली, आणि त्याला सोडलं नाही.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, डोक्याचा स्कॅन काढला आणि पडद्यावर पेनाने दाखवलं. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोल सांभाळणाऱ्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ. कर्करोगाची नाही. हळूहळू वाढणारी. "अशा गाठीबरोबर शरीर जुळवून घेतं," त्या म्हणाल्या. "तोल जातोय हे डोळ्यांच्या आधारामुळे लपून राहतं. माणूस येतो तो ऐकू येईनासं झाल्यावर किंवा कुठून तरी पडल्यावर. इतकी लहान असताना तुम्ही कसे आलात?"

हर्षल वृंदाकडे पाहत म्हणाला, "पूजा झाली होती, म्हणून बूट काढले होते."

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. वृंदा मात्र तिथेच, त्या थंड खोलीत, हसत हसत रडायला लागली.

किरणांचे उपचार झाले. गाठ वाढायची थांबली. डाव्या कानाचं ऐकणं थोडं गेलं ते गेलंच. वर जायची परवानगी मिळाली नाही आणि मिळण्यातलीही नव्हती. हे ऐकलं त्या दिवशी हर्षल घरामागच्या टेकाडावर जाऊन बसला होता. वृंदाने त्याला बसू दिलं. मग कामावर परतला तो खालचा माणूस म्हणून. प्रत्येक बूम लिफ्टपाशी जमिनीवर एक माणूस लागतो. वरच्याला काही झालं तर खालच्या बटणांनी दांडी उतरवणारा, चाकांवर, वाऱ्यावर, वरच्या माणसाच्या उभं राहण्यावर नजर ठेवणारा. हे काम आधी कुणालाच नको असे. हर्षल करायला लागल्यावर इरफान म्हणाला, "आता वर गेल्यावर मला पाठीला पाठ असल्यासारखं वाटतं." हर्षल खूप दिवसांनी मनापासून लाजला.

कारखान्याने नवा नियम केला: ओळख दोनदा घ्यायची, एकदा बुटात आणि एकदा अनवाणी, आणि अनवाणी नोंद सगळ्यांच्या सरासरीशी ताडून बघायची. इंजिनियरने तो आपल्या कंपनीत नेला आणि मग तो नियम इतर ठिकाणीही पोचू लागला. वृंदा मिठाईचा पुडा घेऊन गितेनानांकडे गेली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. नाना दोन पावलं मागे सरले.

"अहो मॅडम, हे काय! मी काय केलं? पाया पडायच्या वस्तूवर कुणी बूट घालून चढतं का?"

"तेच, नाना," ती म्हणाली. कुणाकुणाचे आभार मानायचे, हा प्रश्न तिला हल्ली रोज पडे आणि कुणाचंच नाव गाळायला मन तयार होत नसे. पापुद्र्याचा शोध लावणारी कुणी अनोळखी माणसं, नाना, घाईत असलेली ती इंजिनियर, आईचे बूट घालून मिरवणारी पोर. पोळ्या लाटताना, बस धरताना, शर्वीला निजवताना ती मनातल्या मनात हात जोडत असे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी हर्षल अंगणात शर्वीला सायकल शिकवत होता. आता तिला बाबांच्या उजव्या बाजूने बोलायची सवय झाली होती. दमून ती पायरीवर आईशेजारी येऊन बसली. वृंदा मेथी निवडत होती. शर्वीने एक जुडी ओढून घेतली आणि पानांऐवजी देठ जमवायला लागली.

"आई, बाबांना बरं नाही हे फरशीनेच सांगितलं ना?"

"हो. तिनेच सांगितलं."

"ती बाबांना आधीपासून ओळखत होती?"

"नाही गं. त्या दिवशी पहिल्यांदाच भेटली. बाबा तिच्यावर थोडाच वेळ उभे होते."

शर्वीने मान हलवली. अंगणात हर्षल सायकलची साखळी बसवत होता. उठताना त्याने न बघता खांबाला हात लावला. दोघींनी ते पाहिलं.

"तू तर बाबांना रोज बघतेस," शर्वी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती उत्सुकता होती. "मग तुला का नाही गं कळलं?"